दारात आलेल्या माणसाला खरे सांगा



मध्यंतरी विहाराच्या कामानिमित्त आम्ही वाशीम तालुक्यातील एका गावी गेलो होतो. बौद्धवाड्यात एका ओसरीवर चहा घेत बसलो असताना एक तरुण मुलगा दारोदार फिरताना दिसला. गळ्यात ओळखपत्र, हातात टॅबलेट. शासनाच्या घरखर्चाच्या पाहणीसाठी आलो आहे, असे तो प्रत्येक दारी सांगत होता. पहिल्या घरी धनी आतच होते, पण लेकराने बाहेर येऊन सांगितले, "बाबा वावरात गेले." दुसऱ्या घराचे दार तो येताना पाहूनच लागले. तिसऱ्या घरी सत्तरीची एक आजी भेटली. त्याने अदबीने विचारले, "आजी, महिन्याला किराणा किती लागतो? तेल, साखर, दवापाणी?" आजी म्हणाली, "आमाले काई कमी नाई बाप्पा. लेक पुण्याले हाय, सून हाय, सारं बरं हाय." मुलाने दोन-तीन वेळा फिरवून विचारले. आजीचे उत्तर तेच. तो लिहून घेऊन निघून गेला.

तो वळणावर दिसेनासा झाला आणि आजी आमच्याजवळ येऊन बसली. म्हणाली, "बाबू, तुमी हापिसात हाय ना? माह्या बीपीच्या गोळ्या सरकारी दवाखान्यात भेटत नाईत. इकत घ्या लागतात. लेकाचे पैसे दोन महिने झाले आले नाईत. काई होईन का?"

आम्ही निरुत्तर झालो. ज्याचे कामच लिहून घेण्याचे होते, त्याला आजीने काहीच सांगितले नाही. आणि आमच्यासारख्या कारकुनाच्या हाती काही नसताना आम्हाला मात्र सगळे सांगितले. आपल्या समाजात घरोघरी हेच चालले आहे. म्हणून आजचा हा लेख.

भीती कशाची?

लोक दार का लावतात? आम्ही त्या दिवशी चार घरी बसून विचारले. कोणी म्हणाले, रेशनकार्ड कापतील. कोणी म्हणाले, बचतगटाचे कर्ज दिसेल. एक ताई म्हणाल्या, "गरिबी काय चारचौघांत सांगायची गोष्ट आहे?" आणि एका तरुणाने तोंडावर सांगितले, "दादा, इतकी वर्षे लिहून नेले, काय दिले?"

ही भीती उगाच नाही, हे आधी कबूल केले पाहिजे. २००२ सालची दारिद्र्यरेषेची पाहणी अनेकांना आठवत असेल. तेरा प्रश्न होते, प्रत्येकाला शून्य ते चार गुण, एकूण गुण ५२. जितके गुण कमी तितके घर गरीब. आमच्या माहितीतील एका गावात हे फॉर्म गावातील बड्या माणसाच्या ओट्यावर बसून भरले गेले, बौद्धवाड्यात कोणी पाऊलही टाकले नाही. ट्रॅक्टरवाला यादीत आला आणि विधवा बाई बाहेर राहिली. अशी गावे एक-दोन नसतील. तेव्हा लोकांचा विश्वास उडाला तर दोष लोकांचा नाही.

परंतु बंधूंनो, त्या गावात आपले नुकसान पाहणीमुळे झाले, की पाहणी आपल्या दारापर्यंत आली नाही म्हणून झाले? याचे उत्तर नीट दिले पाहिजे. पाहणी आपल्या दारी न येणे हा अन्याय होता. आता ती आली असताना आपणच दार लावले, तर तोच अन्याय आपण आपल्या हाताने पुरा करतो.

पाहण्या दोन प्रकारच्या

एक गोष्ट प्रत्येक घराने समजून घ्यावी. शासनाच्या पाहण्या दोन प्रकारच्या असतात आणि दोन्हींचे नियम वेगळे आहेत.

पहिला प्रकार निव्वळ आकडेवारीचा. जनगणना त्यात येते. १९५० साली प्रा. महालनोबिस यांच्या पुढाकाराने सुरू झालेली राष्ट्रीय नमुना पाहणी त्यात येते. घरखर्च, रोजगार, कर्ज, शेतकऱ्याची स्थिती यांच्या पाहण्या ही नमुना पाहणी करते. यात दिलेले उत्तर तुमच्या नावाने कुठल्याही कार्यालयात जात नाही. जनगणनेचा कायदा १९४८ चा आहे. त्यातील नोंद कोणाला पाहता येत नाही आणि कोर्टात पुरावा म्हणून चालत नाही. इतर पाहण्यांसाठी २००८ चा सांख्यिकी संकलन कायदा आहे. त्यानुसार माहिती आकडेवारीच्या कामाखेरीज वापरता येत नाही. येथे रेशनकार्ड कापले जाण्याचा प्रश्नच नाही.

दुसरा प्रकार लाभार्थी ठरवण्याचा. २००२ ची दारिद्र्यरेषेची पाहणी, २०११ पासून झालेली सामाजिक, आर्थिक व जातनिहाय गणना आणि घरकुलासाठीचे आवास प्लस सर्वेक्षण ही त्याची उदाहरणे. येथे तुमच्या उत्तरावर तुमच्या घराचे काही ठरते. म्हणून येथे अधिक सावध राहावे, अधिक नेमके बोलावे, पण गप्प राहू नये. कारण गप्प राहणाऱ्याचे नाव कोणत्याच यादीत येत नाही.

उत्तराचे पुढे काय होते?

"काय दिले?" असे विचारणाऱ्या त्या तरुणासाठी तीन गोष्टी सांगतो.

पहिली गोष्ट रेशनची. २०१३ साली अन्न सुरक्षा कायदा आला. कोणत्या राज्यात किती लोकांना धान्य मिळावे, याचे प्रमाण २०११-१२ च्या घरखर्च पाहणीवरून ठरवले गेले. महाराष्ट्राच्या वाट्याला ग्रामीण भागात ७६.३२ टक्के आणि शहरी भागात ४५.३४ टक्के लोक आले. म्हणजे काही हजार घरांनी त्या वर्षी आपल्या चुलीचा हिशोब सांगितला, आणि त्यावरून सात कोटी लोकांच्या धान्याचा आकडा ठरला. दुर्दैव असे की लोकसंख्या २०११ चीच धरली गेली. २०२१ ची जनगणना वेळेवर झाली नाही. त्यानंतर जन्मलेली लेकरे, लग्न होऊन वेगळी झालेली घरे त्या आकड्यात नाहीत. मोजणी थांबली की पोटावर कसा पाय येतो, याचे याहून ढळढळीत उदाहरण नाही.

दुसरी गोष्ट घरकुल आणि दवाखान्याची. २०१६ साली प्रधानमंत्री आवास योजनेची ग्रामीण यादी आणि २०१८ साली आयुष्मान भारतचे लाभार्थी हे दोन्ही सुरुवातीला २०११ च्या त्या सामाजिक-आर्थिक गणनेवरून घेतले गेले. एका खोलीचे कच्चे घर, कर्ता पुरुष नसलेले घर, अनुसूचित जातीचे घर, भूमिहीन मजुराचे घर अशा नोंदींवर नावे आली. ज्यांनी त्या दिवशी दार लावले किंवा ज्यांच्या दारी कोणी गेलेच नाही, त्यांना पुढे वर्षानुवर्षे "तुमचे नाव यादीत नाही" हेच ऐकावे लागले. सुटलेल्यांसाठी २०१८ मध्ये पुन्हा आवास प्लसचे सर्वेक्षण करावे लागले आणि त्यानंतर २०२४ चे.

तिसरी गोष्ट आपल्या जिल्ह्याची. १९९८ साली अकोल्यातून वेगळा झालेला आपला वाशीम जिल्हा २०१८ साली नीती आयोगाच्या आकांक्षित जिल्ह्यांत घेतला गेला. महाराष्ट्रातून नंदुरबार, गडचिरोली, उस्मानाबाद आणि वाशीम हे चार. ही निवड कोणा पुढाऱ्याच्या चिठ्ठीने झाली नाही. शंभरपैकी २५ गुण एकाच गोष्टीला होते. २०११ च्या गणनेत किती घरे भूमिहीन आणि अंगमेहनतीवर जगणारी आहेत, ही ती गोष्ट. बाकीचे गुण बाळंतपण, कुपोषण, शाळा, वीज, पाणी, रस्ते यांना. म्हणजे मानोऱ्याच्या, मालेगावच्या, रिसोडच्या एखाद्या मजूर बाईने "वावर नाही, मजुरी करतो" एवढे खरे सांगितले, ते दिल्लीपर्यंत पोचले. जिल्हा यादीत आल्याने सगळे झाले, असे आम्ही म्हणत नाही. काम करून घेणे ही पुढची लढाई. पण लढाईला आधार लागतो, आणि आधार आकड्याचा असतो.

बाबासाहेबांनी आकड्यासाठी केलेली लढाई

परमपूज्य बाबासाहेब अर्थशास्त्रज्ञ होते. आकडा म्हणजे सत्ता, हे त्यांनी जितके ओळखले तितके त्या काळी फार थोड्यांनी ओळखले. मताधिकार ठरवण्यासाठी लोथियन समिती नेमली गेली आणि बाबासाहेब तिचे सभासद होते. अस्पृश्यांना संख्येप्रमाणे प्रतिनिधित्व मिळणार, हे दिसताच प्रांतोप्रांती अस्पृश्यांचा आकडाच खाली ओढण्याचा प्रयत्न सुरू झाला. संयुक्त प्रांतात सव्वा कोटींच्या घरातली संख्या सहा लाखांवर आणून ठेवली गेली. जी माणसे कालपर्यंत विहिरीवर दिसत होती आणि विटाळ करत होती, ती हक्क देण्याची वेळ येताच कागदावरून नाहीशी झाली! बाबासाहेबांनी या प्रकारावर स्वतंत्र प्रकरण लिहून ठेवले आहे. दहा-दहा लाखांची माणसे अपूर्णांकावर कशी आणली गेली, हाच त्याचा मथळा आणि विषय.

आणि उलट उदाहरणही आपलेच आहे. १९५१ च्या जनगणनेत आजच्या महाराष्ट्राच्या हद्दीत बौद्ध होते अवघे अडीच हजारांच्या आसपास. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरला धम्मदीक्षा झाली आणि १९६१ च्या जनगणनेत हा आकडा २७ लाख ८९ हजारांवर गेला. आपल्या अडाणी आई-बापांनी, आजा-आजींनी गणकासमोर उभे राहून "बौद्ध लिवा" असे सांगितले म्हणून हे घडले. त्यांना भीती नव्हती काय? वावरातले काम जाण्याची होती, बहिष्काराची होती. तरी त्यांनी सांगितले. आज आपण शिकलो, सवरलो, आणि दार लावून घेतो!

कोणत्या रकान्यात काय?

येथे एक चूक फार होते. नमुना पाहणीत धर्म वेगळा विचारतात आणि सामाजिक गट वेगळा विचारतात. धर्म बौद्ध, हे आपण अभिमानाने सांगतो. पण पुढच्या प्रश्नाला "आम्ही जातपात मानत नाही" म्हणून गप्प राहिलो, तर आपले घर "इतर" या गटात जाऊन बसण्याचा धोका असतो. १९९० च्या कायद्याने बौद्धांना अनुसूचित जातीच्या सवलती केंद्रातही मिळाल्या, त्यासाठी अनेकांनी आयुष्य वेचले. तेव्हा धर्म बौद्ध आणि गट अनुसूचित जाती, ही दोन्ही उत्तरे स्पष्ट द्यावीत. जनगणनेतही आपल्या दाखल्यावर आहे तेच सांगावे.

याने काय होते ते पाहा. २०२२-२३ च्या घरखर्च पाहणीत देशाच्या ग्रामीण भागात माणशी मासिक खर्च सरासरी ३,७७३ रुपये निघाला. पण अनुसूचित जातीच्या घरांत तो ३,४७४ रुपये आणि "इतर" गटात ४,३९२ रुपये होता. माणशी ९१८ रुपयांचे अंतर. पाच माणसांच्या घरात महिन्याला साडेचार हजारांहून अधिक. हे अंतर विधानसभेत, न्यायालयात, मोर्चात दाखवता येते, कारण ते शासनाच्याच कागदावर आहे. आपले घर चुकीच्या रकान्यात गेले की अंतर कमी दिसते, आणि "आता कुठे राहिली विषमता?" असे म्हणणाऱ्यांचे फावते.

आणि एका घराने काय फरक पडतो, असे म्हणू नका. त्या पाहणीत सारा देश मिळून २ लाख ६१ हजार ७४६ घरे होती. २०११ च्या जनगणनेतच देशात सुमारे २५ कोटी घरे होती. भागाकार करून पाहा. निवडलेले एक घर साधारण हजार घरांच्या वतीने बोलत असते. त्या आजीने "काई कमी नाई" म्हटले, ते हजार आज्यांच्या वतीने म्हटले गेले.

उत्पन्न सांगताना

२०२५ साली सांख्यिकी मंत्रालयाने जाहीर केले की घरगुती उत्पन्नाची देशव्यापी पाहणी २०२६ मध्ये घ्यायची. पूर्वी असे प्रयत्न झाले होते, पण लोक उत्पन्न इतके कमी सांगत की ते खर्चाहूनही कमी भरे, म्हणून ते सोडून द्यावे लागले. २०२५ च्या पूर्वचाचणीतही शंभरातील ९५ जणांना हे प्रश्न नाजूक वाटले. हे साहजिक आहे. पण आपल्या मजूर घरांची अडचण वेगळीच आहे. आपण पुष्कळदा उत्पन्न जास्त सांगून बसतो!

समजा एका दादाला विचारले, "रोज किती?" तो म्हणतो, "चारशे." लिहिणाऱ्याने तीसने गुणले की महिन्याचे बारा हजार झाले. पण दादाला काम रोज कुठे असते? जून-जुलैत पेरणी-डवरणी, मग निंदण, दसऱ्याच्या सुमारास गुत्त्याने सोयाबीनची सोंगणी, पुढे कापसाची वेचणी, तुरीची सोंगणी. होळीनंतर हात रिकामे, नाहीतर पुण्याच्या बांधकामावर. गावात वर्षाचे १५० दिवस काम धरले तर चारशे प्रमाणे साठ हजार, म्हणजे महिन्याला पाच हजार. बारा कुठे आणि पाच कुठे! २०११ च्या गणनेत घरातील कोणाचे उत्पन्न महिना दहा हजारांवर असले की घर आपोआप यादीबाहेर जाई. २०२४ मध्ये घरकुलासाठी ही मर्यादा पंधरा हजार झाली आणि दुचाकीची अटही गेली. पण तोवर केवळ "रोज चारशे" या एका उत्तराने किती घरकुले गेली असतील, याचा विचार करावा. म्हणून रोज सांगताना कामाचे दिवसही सांगा. हे खोटे बोलणे नाही, हाच पुरा हिशोब आहे.

खोटे मात्र सांगू नका. शेती लपवून, नोकरी लपवून यादीत शिरणारा शासनाला फसवत नाही. गावाची घरकुले मोजकी असतात. तो शेजारच्या विधवेची जागा खातो. पंचशीलातले चौथे शील सकाळी विहारात म्हणायचे आणि दुपारी दारात मोडायचे, हे उपासकाला शोभत नाही. गरिबी सांगायची लाज वाटते, त्या ताईंनाही आमचे हेच सांगणे. तथागतांनी पहिले सत्य म्हणून दुःख आहे हेच सांगितले. दुःख आहे हे मान्य केल्याशिवाय त्याचे कारण शोधता येत नाही.

भगिनींसाठी

ही माहिती शक्यतो घरातील बाईने द्यावी, निदान देताना जवळ बसावे. तेलाचा भाव, गोळ्यांचा खर्च, लेकरांची फी तिलाच ठाऊक. शिवाय "बायको काय करते?" विचारले की पुरुष सर्रास म्हणतो, "घरीच असते." ती सहा महिने निंदायला, वेचायला जाते, दोन शेळ्या सांभाळते, हे त्याला आठवत नाही! २०२४ च्या वेळवापर पाहणीत बिनमोल घरकाम करणाऱ्या बायका त्यासाठी दिवसाला सरासरी २८९ मिनिटे देतात आणि ते करणारे पुरुष ८८ मिनिटे, असे निघाले. बायकांनी स्वतः सांगितले म्हणूनच हे कागदावर आले.

ध्यानात ठेवण्याच्या गोष्टी

१) आलेल्या माणसाचे ओळखपत्र पाहा. कोणत्या पाहणीसाठी आलात, हे विचारा. विचारणे हा आपला हक्क आहे.

२) बँकेचा पासवर्ड, एटीएमचा आकडा, मोबाईलवर आलेला ओटीपी कोणालाही देऊ नका. खऱ्या पाहणीत हे लागत नाही. पैसेही द्यावे लागत नाहीत.

३) घरात एक साधी वही ठेवा. किराणा, दवाखाना, शाळा, कर्जाचा हप्ता, मजुरीचे दिवस लिहा. घरखर्चाच्या पाहणीत काही वस्तूंचा सात दिवसांचा, काहींचा तीस दिवसांचा, काहींचा वर्षाचा खर्च विचारतात. वही असली की अडत नाही.

४) रेशनचे फुकट धान्य, लेकरांचा गणवेश, पुस्तके मिळत असतील तर सांगा. त्यांचा हिशोब वेगळा धरतात.

५) उत्तरे लिहून झाली की वाचून दाखवायला सांगा. कोऱ्या कागदावर सही-अंगठा देऊ नका.

६) माणूस बौद्धवाड्यात न येता गावातच बसून फॉर्म भरत असेल, तर चार जणांनी जाऊन त्याला सोबत घेऊन या. न आल्यास ग्रामसभेत आणि तहसीलमध्ये लेखी द्या. पोच घ्यायला विसरू नका.

विहार समित्यांनाही आमची विनंती आहे. वर्षावासात ग्रंथवाचनाला सारी वस्ती जमते. त्यातील एका रविवारी वाचनानंतर अर्धा तास हा विषय घ्यावा. २०२७ च्या जनगणनेत जातीची नोंदही होणार, असे शासनाने जाहीर केले आहे. तिच्यासाठी आपल्या प्रत्येक घराची तयारी असली पाहिजे. शिकलेल्या मुलामुलींनी म्हाताऱ्या माणसांजवळ बसावे. भाषा समजावून द्यावी, पण उत्तर त्यांचे त्यांना देऊ द्यावे.

शासनालाही खरा आकडा नेहमी आवडतोच असे नाही. २०१७-१८ च्या घरखर्च पाहणीचे निष्कर्ष प्रसिद्ध न करण्याचे २०१९ साली ठरले. लोकांनी दिलेली उत्तरे फडताळात राहिली. त्याविरुद्ध अर्थतज्ज्ञ बोलले, लिहिते झाले. बोलता आले, कारण लोकांनी उत्तरे दिली होती. लपवलेला आकडा मागता येतो, जो दिलाच नाही तो कसा मागणार?

त्या दिवशी आम्ही आजीला घेऊन वळणापर्यंत गेलो. तो मुलगा पुढच्या घरी भेटला. आम्ही म्हणालो, "भाऊ, आजीचे थोडे राहिले आहे." तो परत आला, ओसरीवर बसला. आजीने गोळ्यांची रिकामी पाकिटे आतून आणली, मेडिकलच्या चिठ्ठ्या आणल्या आणि एकेक करून त्याच्यापुढे ठेवल्या. त्याने सगळे लिहून घेतले. आजीला गोळ्या लगेच मिळाल्या नाहीत, हे आम्ही प्रामाणिकपणे सांगतो. पण दवापाण्याच्या रकान्यात तिच्या घराचा खरा खर्च आता आहे.

तुमच्या दारी कोणी आले, तर एवढेच करा. ओळखपत्र पाहा, पाणी द्या, आणि खरे सांगा.

जयभीम! नमो बुद्धाय!